फॉर बाई

कुणी कुणाची स्तुती करायला लागलं की आमच्या इंग्रजीच्या बाईंचं तोंड नासलेल्या दुधाचा वास आल्यासारखं व्हायचं. आधी नाकपुड्या आखडायच्या, मग वरचा ओठ एका बाजूनं उचलला जायचा आणि मग त्यांचा तो प्रश्न यायचा, "फॉर?" एवढा एकच शब्द. समोरचा माणूस गडबडायचा. "फॉर म्हणजे, बाई?" "म्हणजे कशाबद्दल? चांगले आहेत, थोर आहेत, हे ऐकलं. कशाबद्दल ते सांगा की पुढं." बहुतेकांना पुढचं सांगता यायचं नाही. शाळेतल्या पोरांनी त्यांचं नाव 'फॉर बाई' पाडलं आणि गावानं ते उचललं. येरमाळ्याहून येणाऱ्या एसटीचा कंडक्टरसुद्धा फाट्यावर घंटी मारायच्या आधी "फॉर बाई उतरल्या का?" असं विचारायचा. बाईंच्या कानावर ते यायचं. "असू दे," म्हणायच्या, "साहेब, महर्षी असलं काही म्हणत नाहीत, हेच पुष्कळ."

हा शब्द त्यांना चिकटला तो आमच्याच वर्गात. मी तेव्हा आठवीत होते. धड्यात 'प्रेज' हा शब्द आला होता आणि तो स्वतःच्या वाक्यात वापरून आणायचा होता. आम्ही सगळ्यांनी 'आय प्रेज माय मदर', 'आय प्रेज माय टीचर' असलीच वाक्यं आणली. बाईंनी दहाबारा वह्या पाहिल्या आणि गठ्ठा टेबलावर टाकला. "तुमच्या आयांनी काय केलं ते एकाही वाक्यात नाही," त्या म्हणाल्या. "इंग्रजीत या शब्दाला शेपूट असतं. अमक्याला प्रेज करायचं ते फॉर तमकं. शेपूट नसलेलं प्रेज फक्त देवाला चालतं. देवाला कारण विचारायचं नसतं. माणसाला विचारायचं असतं." मग मागच्या बाकावरच्या एका पोरीनं भीत भीत आपलं वाक्य वाचलं. त्याचा अर्थ होता, काल मला न मारल्याबद्दल मी माझ्या भावाची स्तुती करते. वर्ग खिदळला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि म्हणाल्या, "हे बरोबर आहे. उतरवून घ्या."

गाईडात प्रेजचा अर्थ 'स्तुती करणे, प्रशंसा करणे' असा छापलेला असायचा. बाईंना तो अपुरा वाटायचा. स्तुती देवाची, प्रशंसा सरकारी कागदातली, तारीफ पाहुण्याच्या घरच्या जेवणाची आणि कौतुक आपल्या माणसाचं, अशी त्यांनी आम्हाला वाटणी करून दिली होती. "यातलं कुठलं म्हणायचंय ते आधी ठरवा, मग इंग्रजीत जा." एकदा त्यांनी फळ्यावर प्राइस, प्राइझ आणि प्रेज हे तीन शब्द एकाखाली एक लिहिले. "ही तिघं एका घरातली. मूळ एकच, किंमत. प्रेज करायचं म्हणजे किंमत ठरवायची. आता बघा, बाजारात खोटी किंमत सांगणाऱ्याला आपण काय म्हणतो?" कुणीतरी म्हणालं, "लबाड." बाई म्हणाल्या, "आणि खोटी स्तुती करणाऱ्याला आपण स्टेजवर बोलावतो."

हा तिटकारा त्यांना कुठून आला ते त्यांनी मला फार पुढं सांगितलं, मी त्याच शाळेत मराठी शिकवायला लागल्यावर. बाई नळदुर्गच्या पलीकडल्या, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या गावच्या. घरात कानडी बोलायचे, दारात मराठी. वडिलांचं किराणा दुकान होतं. गावातला कुणी बडा माणूस दुकानात आला की वडील उठून उभे राहायचे. "या मालक, तुमच्यामुळं गाव आहे, तुमच्या हाताला यश आहे," असं मापट्यानं डाळ घालता घालता चालू असायचं. गिऱ्हाईक पायरी उतरलं की वडील गल्ल्यामागं वळायचे आणि थुंकायचे. "आमच्यात स्तुतीला होगळिके म्हणतात," बाई म्हणाल्या. "मला लहानपणी वाटायचं, होगळिके झाली की थुंकायचंच असतं. तंबाखू खाल्ल्यावर थुंकतात तसं. नंतर कळलं, बाकीचे लोक गिळतात."

याचा अर्थ बाई कुणाला चांगलं म्हणत नव्हत्या असा नाही. त्यांचं चांगलं म्हणणं फक्त फार लहान असायचं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुमनमावशींना त्या एकदा म्हणाल्या, "आज डाळीला खडा लागला नाही. निवडायला बसला होता वाटतं." सुमनमावशी पदरानं तोंड पुसत माझ्याकडं आल्या. "बगा, बाईला कळलं. सकाळधरनं सुपात घिऊन बसले व्हते. हेडसर रोज 'वा मावशी, वा मावशी' करतेत, त्यांच्या ताटात खडा असू द्या नायतर नसू द्या." माझा पहिला तास बाईंनी मागं बसून ऐकला होता. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तू फळ्याकडं तोंड करून बोलत नाहीस. बाकीचं येईल." मला आजवर बरीच प्रमाणपत्रं मिळाली, त्यांतल्या एकावरही काय लिहिलंय ते मला सांगता येणार नाही. हे एवढं मात्र आठवतं.

आमची शाळा ज्या संस्थेची, तिच्या अध्यक्षांना सगळे आप्पासाहेब म्हणत. त्यांचा पेट्रोल पंप होता, खडीचं क्रशर होतं आणि तेरखेड्याच्या बाजूच्या माळावर फटाक्यांची शेड होती. बोलायला गोड माणूस. भेटेल त्याच्या खांद्यावर हात टाकायचे. स्वतःची स्तुती ऐकताना डोळे मिटून घ्यायचे, न्हाव्याकडं डोक्याला मालिश करून घेताना लोक मिटतात तसे. फाट्यावर त्यांचे फ्लेक्स लागायचे. कार्यसम्राट, विकासरत्न, गोरगरिबांचा कैवारी. एसटी फाट्यावर थांबली की बाई ते फ्लेक्स मोठ्यानं वाचायच्या, वर्गात उतारा वाचावा तशा. "कार्यसम्राट. कुठलं कार्य, ते दिलेलं नाही. विकासरत्न. विकास कशाचा, ते दिलेलं नाही. उताऱ्याखाली प्रश्न विचारता येत नाहीत. उतारा रद्द." बसमधली माणसं खिडकीबाहेर बघत गालात हसायची.

अध्यक्षांच्या वाढदिवसाला शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रत्येक शिक्षकानं शुभेच्छा टाकायच्या, असा आमच्याकडं अलिखित नियम होता. कुणी टाकल्या नाहीत ते हेडसर संध्याकाळी पाहायचे. सकाळपासून दीपस्तंभ, वटवृक्ष, परीस असले शब्द आणि हार-तुरे धबाधबा पडायला लागायचे. एका वर्षी त्या सगळ्या गर्दीत बाईंचा एक मेसेज आला. 'आज अध्यक्षांचा वाढदिवस असल्याचे समजले.' हेडसर धावत स्टाफरूममध्ये आले. "बाई, हे काय टाकलंय?" बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खोटं आहे का काही त्यात?"

एका वर्षी दिवाळीच्या आधी त्या शेडला आग लागली. हंगाम होता, बायका दिवसभर आत बसून सुतळीबॉम्बला वाती लावत होत्या. आगीत दोन बायका गेल्या. त्यातली एक नववीतल्या कोमलची आई. शेडच्या दाराला बाहेरून कडी होती. बायका पाणी प्यायला म्हणून बाहेर येतात आणि सावलीला बसतात, काम मागं पडतं, म्हणून मुकादम कडी घालायचा. गावात हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पण पंचनाम्यात दार उघडं होतं असं आलं आणि अपघात म्हणून कागद बंद झाले. आप्पासाहेबांनी दोन्ही घरी जाऊन चेक दिले. चेक देतानाचा फोटो त्याच संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर आला. कोमलची आजी चेकचं एक टोक धरून उभी होती, दुसरं टोक आप्पासाहेबांच्या हातात होतं आणि दोघंही कॅमेऱ्याकडं बघत होते. खाली लिहिलं होतं, 'दातृत्वाला सलाम'. बाईंनी तो फोटो पाहिला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

कोमल शाळेत यायची, पण बोलायची नाही. बाई तिला बोलतं करायला गेल्या नाहीत. मधल्या सुट्टीत तिच्या शेजारी बसून आपल्या वह्या तपासायच्या, एवढंच. एकदा कोमलच आपणहून म्हणाली, "बाई, आज्जीनं काढली व्हती कडी. आज्जी बाहेर बॉम्बच्या वाळवणावर व्हती. तिचा हात भाजलाय, पर तिला कुणी इचारलंच न्हाय." बाईंनी ते ऐकून घेतलं. मला त्यांनी हे संध्याकाळी बसस्टॉपवर सांगितलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आप्पासाहेबांना एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. असले पुरस्कार देणारी एक मंडळी पुण्याहून गावोगाव फिरत होती. त्यांची एकच अट होती, मानपत्र इंग्रजीत पाहिजे आणि ते स्टेजवर वाचलेलं व्हिडिओत पाहिजे. हेडसर मराठी मानपत्रं झोपेतही लिहायचे, विशेषणांचा साठाच होता त्यांच्याकडं. इंग्रजीला मात्र ते बाईंकडं आले. मी तिथंच होते.

"बाई, एक पानभर प्रेज लिहून द्या. तुमच्याशिवाय कुणाला जमणार?"

"फॉर?"

"समाजकार्य हो, बाई. दुसरं काय?"

"समाजकार्य हे नाव झालं. त्यांनी काय काय केलं ते सांगा. मी तेवढं इंग्रजीत करते."

हेडसरांचा जीव भांड्यात पडला. ते बोटांवर मोजत सांगायला लागले. "बघा, तीन गावच्या बायकांना काम दिलं. शेड बांधली. आगीनंतर स्वतः धावून गेले. त्या दोन्ही घरांना मदत केली."

"शेडचं लिहू? आगीचंसुद्धा?"

"लिहा की! सगळं लिहा. काही सोडू नका."

"बरं," बाई म्हणाल्या. "लिहिते. वाचणारही मीच."

हेडसर खूश होऊन गेले. बाई बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसल्या. मग मला म्हणाल्या, "अगं, एवढी वर्षं नोकरी केली. काही सोडू नका, असं मला या शाळेत आज पहिल्यांदा कुणी म्हणालं."

समारंभ शाळेच्या मैदानावर होता. मांडव, डीजे, बचत गटाच्या बायका ट्रॅक्टरमधून आणलेल्या. पहिल्या रांगेत त्या दोन घरांतली माणसं बसवली होती, कारण त्यांना स्टेजवर नेऊन दाराएवढ्या पुठ्ठ्याचा चेक पुन्हा एकदा द्यायचा होता. आधीचा फोटो नीट आला नव्हता म्हणे. कोमलची आजी नव्या साडीत आखडून बसली होती. ती साडीही संस्थेनंच दिली होती. मला त्या सगळ्याची किळस आली, पण मांडवात वास मात्र गरम जिलेबीचा येत होता आणि पोरंबाळं खुशीत होती. किळस वाटायला तिथं कुणाला सवड नव्हती.

बाई उठल्या. खादीची साडी, हातात एक कागद. माईकजवळ जाऊन त्यांनी वाचायला सुरुवात केली. वाक्य दर वेळी सारखंच सुरू व्हायचं, 'वुई प्रेज आप्पासाहेब फॉर'. इथं त्या श्वास घ्यायच्या. मग पुढचं. तीन गावच्या बायकांना काम दिल्याबद्दल. पत्र्याची शेड बांधल्याबद्दल. बायकांचा वेळ वाया जाऊ नये म्हणून तिच्या दाराला बाहेरून कडी घालायला लावल्याबद्दल. त्या कडीमुळं आत दोन बायका जळाल्याबद्दल. दार उघडं होतं असं पोलिसांना सांगितल्याबद्दल. मेलेल्यांच्या घरी चेक दिल्याबद्दल, आणि त्या चेकचं एक टोक फोटो होईपर्यंत न सोडल्याबद्दल.

हे सगळं इंग्रजीत. स्टेजवर आप्पासाहेबांनी डोळे मिटून घेतले होते. बाई प्रत्येक वाक्याच्या शेवटी थांबल्या की हेडसर हात वर करायचे आणि मांडव टाळ्यांनी भरून जायचा. पुण्याचा सुटाबुटातला माणूस तेवढा चपापला. त्याला कळलं होतं. त्यानं एकदा आप्पासाहेबांकडं पाहिलं, एकदा मांडवाकडं, आणि मग खाली मान घालून फोन बघत बसला. बाई वाचत होत्या आणि टाळ्या पडत होत्या.

शेवटच्या वाक्यावर बाईंनी कागदावरून मान वर केली. समोर कोमलची आजी टाळ्या वाजवत होती. शेजारची वाजवत होती म्हणून तीही वाजवत होती. तिच्या सुनेच्या मरणाची हकीकत वाचली गेली होती आणि तिचा भाजलेला हात दुसऱ्या हातावर आपटत होता. बाईंचा चेहरा मी जन्मभर पाहिला होता, पण तसा कधीच नाही. यावेळची किळस दुसऱ्या कुणाची नव्हती, त्यांची स्वतःचीच होती. जे इंग्रजी त्यांनी आम्हाला इतक्या कष्टानं शिकवलं, त्यातलं एक वाक्य मांडवात समोर बसलेल्या एकाही माणसापर्यंत पोचलं नव्हतं.

त्यांनी कागद चुरगळला. "आता मराठीत सांगते," म्हणाल्या. "मी आता असं वाचलं की शेडच्या दाराला..." एवढ्यात अध्यक्षांच्या पुतण्यानं माईकची वायर ओढली. बाई थांबल्या नाहीत. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज होता. "दाराला बाहेरनं कडी होती! म्हणून बायका मेल्या! हे मी वाचलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या!"

कोमलची आजी उठून उभी राहिली. तिनं पदर सावरला आणि कुणाकडंही न बघता म्हणाली, "व्हय. कडी व्हती. म्या काढली. ह्यो हात बगा." तिनं हात वर केला. तळवा आकसून गेला होता, बोटं सरळ होत नव्हती. आप्पासाहेबांनी डोळे उघडले. "आज्जी, खाली बसा. ऊन लागलंय तुमाला," ते त्याच गोड आवाजात म्हणाले. आजी म्हणाली, "ऊन न्हाय लागलं. मला आजपत्तुर कुणी इचारलं न्हाय, म्हून बोलायले." पुढचं कुणाला ऐकू आलं नाही, कारण डीजे जोरात सुरू झाला होता.

यानंतर जे झालं ते आणखी ओंगळ. पुतण्यानं समारंभाचा व्हिडिओ केला आणि अध्यक्षांच्या फेसबुकच्या पानावर टाकला. मराठीतलं त्यानं सगळं कापलं. इंग्रजी मात्र अख्खं ठेवलं, वर तुतारीचं संगीत घातलं, कारण त्याला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. आप्पासाहेब डोळे मिटून बसलेले, बाई वाचतायत, टाळ्या पडतायत. खाली शेकडो लोकांनी लिहिलं, 'जबरदस्त', 'अभिमान आहे', 'असा नेता होणे नाही'. मांडवात जे झालं ते ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यांतलेही काहीजण तिथं जोडलेल्या हातांचं चित्र टाकून आले होते. बाईंनी त्या सगळ्या प्रतिक्रिया एकेक करून वाचल्या. मी म्हणाले, "बाई, कशाला वाचताय?" त्या म्हणाल्या, "बघायलेय, एकानं तरी ऐकलंय का. टाळी वाजवायला ऐकावं लागत नाही, हे मी इतकी वर्षं शिकवतेय, आणि मलाच नीट कळलं नव्हतं." मग बाहेर नळावर जाऊन त्यांनी चूळ भरली.

शेवटी धाराशिवला कायदा शिकणाऱ्या एका मुलीनं तो व्हिडिओ घेतला, संगीत काढलं, खाली मराठीत ओळी टाकल्या आणि पुन्हा सोडला. अध्यक्षांच्या स्वतःच्याच पानावरून घेतलेला, त्यामुळं बनावट आहे म्हणायची सोय उरली नाही. वरून अधिकारी आले. आजीचा जबाब झाला. तिच्यामागून शेडमधल्या आणखी बायका बोलायला तयार झाल्या. गुन्हा दाखल झाला, आप्पासाहेब काही दिवस आत जाऊन जामिनावर बाहेर आले आणि खटला उभा राहिला. तो अजून चालू आहे. बाईंची बदली संस्थेच्या ईट गावच्या शाखेत झाली. रोज दोन बस बदलून त्या जायच्या. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते, तेवढेही त्यांना इथं काढू दिले नाहीत.

मग गावाला बाई आवडायला लागल्या. तरुण मंडळाच्या पोरांनी फाट्यावर त्यांचा फ्लेक्स लावला. रणरागिणी, निर्भीड, बाणेदार. बाई बसमधून उतरल्या, फ्लेक्सखाली उभ्या राहिल्या आणि पोरांना बोलावून घेतलं. "काढा हे."

"बाई, तुमी लई धाडस केलं. आमाला तुमचा सत्कार करायचाय."

"ती शेड इथं किती वर्षं होती?"

एक पोरगा बोटांवर मोजायला लागला.

"मी या रस्त्यानं रोज जात होते. कडी मलाही माहीत होती. दोन बायका मेल्यावर बोलले. यात धाडस कुठलं? बोलली ती म्हातारी. तिच्या घरी जा आणि तिच्या हाताला औषध लावा." पोरांनी फ्लेक्स उतरवला. त्यातली दोन खरंच आजीकडं गेली, तिला सोलापूरला दवाखान्यात घेऊन गेली. बाईंना ते सांगितलं तेव्हा त्या फक्त "बरं केलं" म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे दोन शब्द म्हणजे खूप झालं.

निवृत्त झाल्यावर बाई भावाकडं गावी राहायला गेल्या. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. मी अधूनमधून जायचे. दुकान आता भाचा चालवत होता. बाई ओसरीवर बसून गल्लीतल्या मुलींना इंग्रजी शिकवायच्या. कोमलही सुट्टीत तिथं येऊन राहायची. बारावी होऊन ती नर्सिंगला गेली होती. बाई आणि ती फारसं बोलत नसत. शेजारी बसून दोघी आपापलं वाचत असत.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. सकाळी चहा घेतला, आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्या लिंगायत रिवाजाप्रमाणं विभूती लावून, बेलपानं वाहून त्यांना बसवलं होतं. मळ्याच्या कडेला खड्डा तयार होता. ऊन चढत होतं. तेवढ्यात बांधाजवळ दोन गाड्या येऊन थांबल्या आणि आप्पासाहेब उतरले. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती आणि ते कुठलीच माती चुकवत नव्हते. बरोबरच्या पोरानं गाडीतून खांद्यावर अडकवायचा स्पीकर काढला. बाईंना खाली ठेवलं जात होतं तेव्हाच आप्पासाहेबांनी माईक हातात घेतला.

"आज आपण एक थोर शिक्षिका गमावली," त्यांनी सुरुवात केली. "बाई म्हणजे ज्ञानाचा सागर. बाई म्हणजे आमच्या संस्थेचं भूषण. माझ्यावर त्यांची माया व्हती..." आवाज भरून आणलेला. कोमलनं आजीचा दंड घट्ट धरला. आसपासची माणसं खाली बघत उभी होती. थांबा, असं म्हणायला कुणीच पुढं येईना.

बाईंचे भाऊ म्हातारे शेतकरी. त्यांना हा माणूस कोण ते ठाऊक होतं की नव्हतं, मला माहीत नाही. त्यांनी खोरं उचललं. "साहेब, जरा बाजूला व्हा," ते म्हणाले. "माती लोटायचीय."

"दोनच मिनटं, काका. श्रद्धांजली..."

"ऊन व्हायलंय," भाऊ म्हणाले आणि त्यांनी पहिलं खोरं लोटलं.

मग कोमल खाली बसली आणि दोन्ही हातांनी माती ओढायला लागली. तिच्या शेजारी आजी बसली. मी बसले, ओसरीवर शिकायला येणाऱ्या मुली बसल्या, सुमनमावशी बसल्या. स्पीकरमधून ज्ञानमंदिर, त्याग, समर्पण असं काहीतरी येत होतं. आप्पासाहेबांच्या पांढऱ्या चपलांवर माती आली तसे ते एक पाऊल मागं सरले, मग आणखी एक. बोलणं थांबलं नव्हतं. आमच्यापैकी कुणीही मान वर केली नाही. खड्डा भरून जमिनीला लागेपर्यंत आम्ही माती लोटत राहिलो.